सहाध्यायी पाहिजे

न्हावा शेवा येथे मिळत नाही अशी वस्तू या पृथ्वीतलावर नसावी, असा माझा पुष्कळ वर्षे समज होता. १९८९ च्या मे महिन्यात येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, आणि तोवर ज्या किनाऱ्यावर मीठ पिकत असे व कोळ्यांची जाळी वाळत असत, त्या किनाऱ्यावर वीस फुटी व चाळीस फुटी लोखंडी पेट्यांच्या उतरंडी चढल्या; त्या पेट्यांतून इराकचा खजूर, अमेरिकेची सफरचंदे, चीनची खेळणी आणि कोणत्या देशाने टाकून दिला हे कोणीही विचारीत नाही असा रद्दी कागद उतरताना, तसेच बासमती व कांदा परदेशी रवाना होताना, एका सी.एफ.एस.मधील, म्हणजे कंटेनर फ्रेट स्टेशनातील, दस्तऐवजांचा कारकून या नात्याने मी नित्य पाहत आलो आहे. परंतु अवकल समीकरणे शिकण्यासाठी शेजारी तासभर स्वस्थ बसेल असा एक इसम मात्र, कितीही जकात भरण्याची तयारी दाखविली तरी, या बंदरात उतरवून मिळत नाही.

या उद्योगात मी कसा पडलो हे सांगणे प्राप्त आहे. आमची कन्या अभियांत्रिकीची पदवी घेऊन पुण्यास नोकरीवर रुजू झाली आणि तिच्या मागे उरलेली पुस्तके मी एका रविवारी रद्दीवाल्यापुढे मांडली; मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीतील कित्येक पिढ्या ज्याच्या आधाराने तरून गेल्या ते कुंभोजकरांचे अप्लाइड मॅथेमॅटिक्सही त्यांत होते. रद्दीवाल्याने किलोमागे जो दर सांगितला तो ऐकून, एवढ्या विद्वत्तेची एवढ्या स्वस्तात वासलात लावणे सुसंस्कृत गृहस्थास शोभणारे नव्हे असे वाटल्यामुळे मी ते पुस्तक परत घरात घेतले, आणि घरात घेतलेली वस्तू वापरली गेलीच पाहिजे या मध्यमवर्गीय धर्मास जागून ते वाचावयास बसलो.

ज्यांना या विषयाची बाधा झालेली नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. एखाद्या गृहस्थाचा पगार किती ते न सांगता, तो महिन्याच्या कोणत्या तारखेस किती वेगाने संपत असतो एवढेच सांगावे आणि त्यावरून पगाराचा आकडा काढावयास लावावे, अशी या समीकरणांची रीत असते. मूळ राशी झाकलेली, तिच्या बदलाचा वेग तेवढा उघडा. ही शोधाशोध पुरी होऊन उत्तर हाती आले की त्याच्या शेपटाशी ‘सी’ नावाचा एक स्थिरांक येऊन बसतो. त्याचा उपद्रव पुढे यथाक्रम येईलच.

पुस्तकाची काही पाने उलटताच मला झोप येऊ लागली. तेव्हा ज्याला त्याला विचारले, आणि ज्याने त्याने एकच सल्ला दिला की, गणित एकट्याने होत नाही, सोबत पाहिजे. सल्लागारांपैकी कोणीही स्वतः सोबतीस येण्याची तयारी दर्शविली नाही, ही बाब केवळ नमूद करून पुढे जातो. घरच्या घरी सोय होत असेल तर पाहावे म्हणून मी सौभाग्यवतीस भास्कराचार्यांच्या लीलावतीचा दाखला दिला.

“त्या लीलावतीनं एकदा तरी उत्तर दिल्याचं तुम्ही ऐकलंय का?” ती म्हणाली, “नुसते प्रश्नच ऐकले बिचारीनं. मला पोळ्या लाटायच्यात.”

कन्येस दूरध्वनी केला, तर तिने अत्यंत प्रांजळपणे सांगितले, “बाबा, ते मी पेपरच्या दुसऱ्या दिवशीच विसरले. विसरायला त्याच्यापेक्षा जास्त मेहनत घेतली होती.”

सबब बाहेरचा सहाध्यायी पाहणे भाग पडले. प्रथम आमच्या हिशेबखात्यातील एक सहकारी स्वखुशीने पुढे आले. अभ्यासाविषयी इतका उत्साह मी कोणत्याही प्राणिमात्रात पाहिला नव्हता. त्यांनी वेळापत्रक आखले; ते पाहून त्यांचे समाधान झाले नाही, म्हणून निराळ्या शाईने दुसरे आखले; सणवार, साप्ताहिक सुट्ट्या, त्यांच्या मेहुण्याच्या घराची वास्तुशांत आणि लेखापरीक्षणाचा पंधरवडा वजा जाता अभ्यासास जे दिवस उरले ते पावसाळ्यात पडत असल्यामुळे, आणि पावसाळ्यात करळ फाट्यावरून वेळेवर घरी पोहोचण्याची हमी कोणीही देऊ शकत नसल्यामुळे, तेही वेळापत्रक रद्द झाले. वह्यांना वेष्टणे घालण्याचे काम मात्र त्यांनी एकहाती तडीस नेले. अखेरीस “थिअरी राहू द्या, आपण प्रॅक्टिकलपासून सुरुवात करू,” असा तोडगा त्यांनीच काढला.

प्रॅक्टिकलसाठी आम्ही न्यूटनचा शीतनाचा नियम निवडला. पदार्थ आणि भोवताल यांच्या तापमानांत जितका फरक, तितक्या प्रमाणात तो पदार्थ निवण्याचा वेग. या विषयातील पहिली पायरी ती हीच. फाट्यावरील टपरीत दोन कटिंग मागवून मी घरून आणलेला पाऱ्याचा तापमापक एका ग्लासात उभा केला, आणि सहकारी मनगटावरील घड्याळाकडे दृष्टी लावून बसले. टपरीवाल्याने हा प्रकार काही वेळ सहन केला.

“साहेब, चहाला ताप आलाय का?”

माणसाच्या तापासाठी घडविलेली ती नळी बेचाळीस अंशांपलीकडे जाण्याचा तिचा शिरस्ता नसल्यामुळे तत्काळ फुटली, पारा आणि चहा या दोहोंस जलसमाधी मिळाली, ग्लासाची किंमत मी चुकती केली, आणि सहकाऱ्यांनी त्या दिवसाच्या रकान्यात ‘प्रॅक्टिकल पूर्ण’ अशी हिरव्या शाईने नोंद केली. त्यानंतर ते पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकास लागले.

उरणात राहणाऱ्या एका सेवानिवृत्त गुरुजींकडे मी मोठ्या आशेने गेलो होतो. त्यांनी मला पाटावर बसविले, चष्मा पुसला आणि विचारले,

“औटकी येते?”

“नाही.”

“पाऊणकी?”

“घरी एकदा वडिलांना म्हणताना ऐकली होती.”

“मग न्यूटनला कशाला त्रास देता?”

यानंतर ते केरूनाना छत्र्यांवर आले. अलिबागेजवळच्या नागावात १८२५ साली जन्मलेला हा मनुष्य कुलाब्याच्या वेधशाळेत नोकरी करता करता गणित व ज्योतिष यांत पारंगत झाला, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहून गेला, आणि डेक्कन कॉलेजात त्याने टिळकांना गणित शिकविले, हे सारे गुरुजींनी इतक्या तन्मयतेने सांगितले की मी आलो कशासाठी याचे आम्हा उभयतांस विस्मरण झाले. निरोप देताना त्यांनी माझ्याकडे आपादमस्तक पाहिले आणि दीर्घ निःश्वास टाकून म्हणाले, “केरूनानांना टिळक मिळाले. आमच्या नशिबी तुम्ही.” मी औटकी पाठ करून यावे असे ठरले. ती अद्याप सात औटेंच्या पुढे गेलेली नाही.

विद्या फुकट मागू नये, या विचाराने मग मी पैसे मोजण्याचे ठरविले. या गोष्टीस युरोपात मोठा आधार आहे. लोपिताल नावाच्या फ्रेंच उमरावाने १६९४ साली योहान बर्नोलीशी असा करारनामा केला की, बर्नोलीने आपले गणिती शोध उमरावास कळवावेत, इतरांस कळवू नयेत, आणि त्याबद्दल त्यास सालिना तीनशे लिव्हर मुशाहिरा मिळावा. दोन वर्षांनी उमरावाने अवकलनावरचे पहिले पाठ्यपुस्तक छापून प्रसिद्ध केले, आणि बर्नोलीने काढलेला एक नियम आजतागायत उमरावाच्या नावाने परीक्षेत विचारला जातो. याच धर्तीवर मी माझ्या भाच्यास, जो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असून याच विषयाची केटी बाळगून होता, तासावारी मोबदला देऊ केला. पण भाच्याची अध्ययनपद्धती निराळी होती. कोणतेही प्रकरण उघडले की तो त्यावर पेन्सिलीने काट मारीत असे.

“मामा, हे येत नाही.”

“तुला येत नाही?”

“पेपरला येत नाही. मागच्या पाच वर्षांत एकदाच आलंय, तेही ऑप्शनला.”

अशा रीतीने त्याने एका संध्याकाळात जवळजवळ सगळे पुस्तक निकालात काढले. आप्तांबरोबर गणित करण्याचा धोका बर्नोलींच्या घराण्यानेही अनुभवला होता: योहान व त्याचा वडील भाऊ याकोब यांचे हाडवैर जगजाहीर झाले, आणि १७३४ साली पॅरिसच्या अकादमीचे पारितोषिक बापलेकांत वाटले गेले तेव्हा, मुलगा आपल्या बरोबरीस आला याचा संताप होऊन योहानने त्या डॅनियलला घराची बंदी केली. आमच्याकडे प्रसंग इतक्या थराला गेला नाही. भाचा स्वतःच निघून गेला, आणि जाताना माझे गणकयंत्र घेऊन गेला.

माझगावला राहणारे एक जुने स्नेही तयार होते, पण मध्ये समुद्र होता. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला लाँच जाते. तथापि उधाणाच्या दिवसांत ओहोटी लागली की मोऱ्याचा धक्का गाळात उभा राहतो आणि लाँच पाण्याची वाट पाहत बसते. आणि भरतीची वेळ दररोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्यामुळे आमच्या अभ्यासाची घटिका पंचांग पाहून काढावी लागे. २०२४ च्या जानेवारीत शिवडीपासून न्हावा शेव्यापर्यंत २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतू खुला झाला तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. परंतु माझ्यापाशी वाहन म्हणून एक स्कूटर आहे आणि त्या सेतूवर दुचाकीस मज्जाव आहे. उरणपर्यंत लोकल सुरू झाली तीही त्याच सुमारास. तिने गाड्या बदलीत मी एकदाचा माझगावी पोहोचलो, तो स्नेह्यांनी दार उघडताच विचारले, “जेवूनच जाशील ना?” त्यानंतरच्या सुरमईच्या तळलेल्या तुकड्यांपुढे समीकरणांचा विषय काढणे असभ्यपणाचे झाले असते.

या सर्वांत विषयाच्या गाभ्यापर्यंत पोहोचलेला गृहस्थ म्हटला तर एकच, आणि तो आमच्याकडे मालाची सोडवणूक करण्यास येणारा क्लिअरिंग एजंटचा माणूस. बिल ऑफ एंट्री भरण्यात उभी हयात गेलेला हा इसम कागदाशिवाय काडीवरही विश्वास ठेवीत नाही. पहिले समीकरण मी त्याच्या देखत सोडविले, समाकलन केले, आणि अखेरीस शिरस्त्याप्रमाणे ‘अधिक सी’ लिहिले.

“हा कुठून आला?” त्याने विचारले.

“तो येतोच.”

“येतोच म्हणजे? वरच्या ओळीत नव्हता. इन्व्हॉइसमध्ये नाही, पॅकिंग लिस्टमध्ये नाही, आणि पेटी उघडली तर आत बसलेला. याला आम्ही काय म्हणतो ठाऊक आहे ना?”

मी त्यास समजावून सांगितले की वेगावरून राशी काढताना आरंभी काय शिल्लक होते हे वेगास ठाऊक नसते, म्हणून ती अज्ञात शिल्लक ‘सी’च्या रूपाने मोकळी ठेवावी लागते, आणि प्रारंभीची स्थिती कोणी सांगितली तरच तिची किंमत ठरते. त्याचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे आयात करणाऱ्यानं सुरुवातीचा साठा जाहीर करायचा. तोवर माल अडकलेला. अहो, मग हे सरळ आहे!” इतक्या थोड्या शब्दांत ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलेली नाही, आणि आता सहाध्यायी लाभला असे वाटून मी त्याला चहा पाजला. परंतु त्या दिवसापासून, ज्या उदाहरणात प्रारंभीची स्थिती दिलेली नसेल त्यास हात लावण्याचे त्याने साफ नाकारले. पुस्तकात अशी उदाहरणे पानोपानी असतात. ती सर्व त्याने ‘क्वेरी’ असा शेरा मारून माझ्याकडे परत पाठविली. पुढे तर ग्रंथकर्त्याकडून खुलासा मागविण्याचा मसुदाच त्याने तयार केला, आणि त्याच्या तगाद्यामुळे मला चार दिवस मागच्या दाराने कचेरीत जावे लागले.

नवीन शेव्यात राहणारे एक वृद्ध आगरी गृहस्थ सायंकाळी आमच्या फाटकाशी येऊन बसतात. तरुणपणी ते मिठागरावर होते. उधाणाचे पाणी आत घ्यावे, उन्हाने ते आटू द्यावे आणि वाफ्यांत धरलेले मीठ ओढून राशी घालाव्यात, यात त्यांचे हात झिजले. या शास्त्रातील एक सुप्रसिद्ध उदाहरण मिठाचेच असल्यामुळे मला ते दैवाने धाडलेले सहाध्यायी वाटले, आणि मी ते त्यांना वाचून दाखविले: एका टाकीत शंभर लिटर पाणी असून त्यात दहा किलो मीठ विरघळलेले आहे; दर मिनिटास पाच लिटर गोडे पाणी आत येते आणि तितकेच मिश्रण बाहेर जाते; तर वीस मिनिटांनी टाकीत किती मीठ राहील?

“टाकी कोनाची?” त्यांनी विचारले.

“कोणाचीही नाही. कल्पित आहे.”

“न् मीठ?”

“तेही.”

म्हाताऱ्याने विडी विझविली. “बाला, आमी जल्मभर पान्यातशी मीठ कारला. तू मीठ पान्यान सोरतस, वर गोरा पानी टाकून ते व्हावून घालवतस, न् मंग माना इचारतस का किती ऱ्हायला?”

मी सांगितले की पावणेचार किलोंच्या किंचित आत राहते. त्यांनी वाहून गेलेल्या सव्वासहा किलोंबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली, आणि मला असली बुद्धी देणाऱ्या पुस्तकाची रद्दी करावी असा सल्ला देऊन ते उठले.

क्रेन चालविणाऱ्या एका तरुणाची कथा तर सांगू नये अशी आहे. दोरांना टांगलेली पेटी झुलू लागली की ती लंबकाप्रमाणे वागते. तिच्या झोक्याचा काळ दोराच्या लांबीवर अवलंबून राहतो, पेटी भरलेली आहे की रिकामी यास त्यात काही किंमत नाही. हा सारा द्वितीय क्रमाच्या अवकल समीकरणाचा प्रांत होय. हे मी त्याला एका जेवणाच्या सुट्टीत वहीवर आकृती काढून सांगितले. त्याने डबा संपेपर्यंत ऐकून घेतले.

“आम्ही काय करतो साहेब, पेटी ज्या बाजूला झुलते त्या बाजूला ट्रॉली नेतो. तिच्या बरोब्बर डोक्यावर आली की थांबवतो. झोका तिथंच मरतो.”

“तेच या समीकरणावरून सिद्ध करता येते.”

“किती वेळ लागतो?”

“नीट मांडले तर दोन रविवार.”

“खाली ट्रेलर उभा असतो ना,” तो नम्रपणे म्हणाला आणि हात धुवावयास गेला.

एवढ्या वणवणीनंतर देवळालीच्या कापरेकर मास्तरांविषयी माझा आदर दुणावला. शाळा सांभाळून, कोणाच्या सोबतीची फिकीर न करता, नुसत्या आकड्यांशी खेळत त्यांनी ६१७४ या संख्येचे गुपित हुडकले. मी वेळापत्रके सोडली, सोबतीचा नाद सोडला आणि रात्रपाळीत एकट्यानेच पुस्तक उघडले. तेव्हा फाटकावरील पहारेकरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूस येऊन बसला. परभणीकडचा हा तरुण तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करीत होता, आणि खोलीत दिवा एकच होता.

“सर, तुमी तुमचं करा, मी माझं करतो. मधून मधून एकमेकांना विचारू.”

इतकी निर्हेतुक, इतकी समंजस सूचना आजवर कोणी केली नव्हती. आम्ही वह्यांची अदलाबदल केली. मी त्याला महाराष्ट्रातील नद्यांची उगमस्थाने विचारी, तो माझ्या वहीतील समीकरण समोर धरून “पुढची पायरी?” असे विचारी. मला पुढची पायरी येत नसे, म्हणून ती पडताळण्यासाठी त्याला मागचे पान पाहावे लागे, ते कळण्यासाठी त्याच्या मागचे. आणि त्याला नद्या येत नसत, म्हणून उत्तरे सांगता सांगता त्या मला येऊ लागल्या. भीमेच्या उपनद्या मी आता झोपेतही सांगतो. ग्रामपंचायतीच्या सदस्यांची किमान संख्या, सात-बारावरील रकाने, फेरफार नोंदविण्याची रीत यांविषयी माझ्याशी वाद घालण्याची आमच्या आळीत कोणाची प्राज्ञा राहिलेली नाही. घरात पोळ्या लाटणाऱ्या माणसासही याचा थोडाफार उपसर्ग पोहोचला आहे.

परवा रात्री ट्रेलरांची रांग ओसरल्यावर आम्ही बसलो. त्याच्यापुढे बर्नोलीचे समीकरण होते. त्याने ते बदली चल घेऊन सरळ केले, आणि मी त्याच्या परीक्षेचा अभ्यास सांभाळीत रायगड जिल्ह्याचे तालुके म्हणू लागलो. उरण, पनवेल, कर्जत, खालापूर, पेण, अलिबाग, मुरूड, रोहा, सुधागड, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन, महाड, पोलादपूर. एका दमात म्हटले आणि शाबासकीच्या अपेक्षेने त्याच्याकडे पाहिले.

“तळा राहिला, सर,” तो वहीतून मान वर न करता म्हणाला, “आणि काल तुमी सोडवलेल्या गणितात, सी.”